देवाचा पत्ता

प्रवासवर्णन लिहायचं तर माणसाने आधी कुठेतरी गेलेलं असावं. मागच्या वार्षिकांकात एकाने सिंगापूरवर लिहिलं होतं आणि एकीने हिमालयावर. मी गेलो तो भंडारा जिल्ह्यात, म्हणजे जिथे जन्मलो तिथेच. सरांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "सर, मी कुठे गेलोच नाही." ते म्हणाले, "परदेशी पाहुण्यांबरोबर फिरलास ना? मग लिही." आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेलं नाही. छापण्यासाठी लिहायचं म्हणजे काय, हे मला कोणाला विचारता येत नाही. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आणखी एका गोष्टीची माफी आधीच मागतो. या लिखाणात ऋत्विकचं नाव फार वेळा येईल. पहिल्या मसुद्यातून मी ते काढून पाहिलं होतं. पण ते काढलं की प्रवासात काही उरत नव्हतं.

कामाची थोडी माहिती द्यायला हवी. आमच्याकडच्या जुन्या गावतलावांतला गाळ काढण्यासाठी एका परदेशी सरकारची मदत येणार होती. त्यांची अट अशी, की पैसा सोडण्याआधी प्रत्येक तलावावर जाऊन पाहायचं. या कामाने कोणाचं नुकसान होईल का, कोणाची जमीन जाईल का, मासे कधी अंडी घालतात, उपसलेला गाळ कुठे टाकणार. मग तलावाला वर्ग द्यायचा. पहिला वर्ग मिळाला तर लगेच काम सुरू, दुसरा मिळाला तर काही अटी घालून. तिसरा म्हणजे कोणीतरी विस्थापित होणार, तेव्हा मोठा अभ्यास करा. आणि गावतलावासारख्या लहान कामाला मोठा अभ्यास परवडत नाही, म्हणून तिसरा वर्ग म्हणजे तलाव यादीतून बाद.

हे पाहायला इंग्रिड मॅडम आल्या होत्या. उंच, पन्नाशीच्या, उन्हाने लालबुंद झालेल्या. गावोगाव त्यांना 'इंद्राबाई' म्हणायला लागले आणि त्यांना ते आवडलं. त्यांच्या मदतीला दोन विद्यार्थी घेतले होते. एक मी आणि दुसरा पुण्याचा ऋत्विक. तुमसरला पहिल्याच सकाळी मॅडमनी सांगितलं, की या दोघांतल्या एकाला पुढे प्रकल्प चालेल तितकी वर्षं भंडाऱ्याच्या कार्यालयात सहायक म्हणून ठेवणार आहेत. फक्त एकाला.

ऋत्विकने हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्या क्षणापासून हा प्रवास त्याच्याकडे बघत केला.

बपेरा

आमचं गाव बपेऱ्याच्या थोडं अलीकडे. नदी ओलांडली की मध्य प्रदेश, त्यामुळे आमच्याकडे अर्धी बोली हिंदीत भिजलेली. पहिल्या दिवशी या भागातले तलाव पाहायचे होते, म्हणून दुपारचं जेवण आमच्याच घरी ठरलं. आईने कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या केल्या होत्या, लाखोळीची डाळ, भात आणि झिंग्यांची चटणी. मॅडम मांडी घालून बसल्या आणि तिखटाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत असतानाही जेवत राहिल्या.

ऋत्विक दोन दिवस आधीच तुमसरला येऊन राहिला होता. तेवढ्यात तो बाजारात बोली शिकला होता. आई वाढत असताना तो म्हणाला, "काकू, मले अजून थोडा भात द्या जी."

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. "अगा माय! पाहा हो, पाहा! आपल्यावाणी बोलते हा पोरगा!" बाबा हसले, शेजारची काकू दारातून आत आली, आणि तिच्यासाठी ऋत्विकला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. त्याने ते आणखी झोकात म्हटलं. काकूने टाळ्या वाजवल्या.

मी नागपूरला पहिल्या वर्षाला असताना वर्गात उभा राहून "मले वाटते" असं म्हणालो होतो. सगळा वर्ग हसला होता. सर समजूतदार होते, ते फक्त "मला म्हण रे" इतकंच बोलले. त्यानंतर मी खोलीवर बसून 'मला, तुला, त्याला' असं घोकलं आहे. ते शब्द तोंडात बसायला मला पहिलं वर्ष पुरलं नाही. आणि इथे माझ्याच घरात, जो शब्द मी घासून घासून पुसला, त्याच शब्दाला भाताची दुसरी वाढ मिळत होती.

मी म्हणालो, "आई, मला पण थोडा भात वाढ."

आई वाढता वाढता म्हणाली, "तू कायले असा पुस्तकावाणी बोलून राहिला? घरीच हाय ना तू?"

निघताना तिने ऋत्विकच्या हातात सीताफळं दिली. मला दिली नाहीत, कारण मी घरचा. हे मला तेव्हाही समजत होतं. पण गाडीत त्याने एक फोडून अर्धं माझ्यापुढे केलं तेव्हा मी पोट भरलंय म्हणून सांगितलं. बपेऱ्यापासून तुमसरपर्यंत तो आमच्या झाडाचं सीताफळ खात होता आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

आंबागड

दुसऱ्या दिवशी आम्ही आंबागडला गेलो. वर डोंगरावर जुना किल्ला, खाली गाव. गावातले बरेच लोक शेती करतात, काही जंगलाच्या कामाला जातात. आम्हाला किल्ल्यासाठी नाही, तर तलावांत पाणी कुठून येतं ते वरून पाहण्यासाठी चढायचं होतं. तलावाचा गाळ काढायचा तर आधी तो गाळ येतो कुठून ते पाहायला हवं, असं मॅडमचं म्हणणं.

वरून दिसलेलं मी विसरणार नाही. धान लोंबीवर आलं होतं. हिरव्यात पिवळं मिसळत होतं आणि त्यात ठिकठिकाणी तलाव चमकत होते. जंगलाच्या कडेला एक, त्याच्या खाली दुसरा, त्याच्या खाली तिसरा. वरचा भरला की त्याचं पाणी खालच्यात जातं. मी या तलावांत पोहलो, जनावरं धुतली, पण ते एकमेकांना असे बांधलेले आहेत हे मला वर उभं राहिल्यावर कळलं. हे मॅडमना सांगावं म्हणून मी मनात इंग्रजी वाक्य जुळवत होतो. ते जुळून तयार झालं तोपर्यंत ऋत्विकने तेच सांगून टाकलं होतं. मॅडम म्हणाल्या, "अगदी बरोबर."

उतरताना माझ्या चपलेचा पट्टा तुटला. दगड तापले होते. मी एक पाय उचलत उचलत दहाएक पावलं गेलो, तोच ऋत्विकने पाठपिशवी खाली ठेवली आणि त्यातून सँडलचा जोड काढला.

"घाल ना. मी नेहमी एक जास्तीचा जोड ठेवतो."

जास्तीचा जोड! मी नाही म्हणणार होतो, पण मॅडम थांबून बघत होत्या. घातला. माझ्या पायात तो असा बसला जणू माप देऊन घेतला होता. मला चटके बसले असते तर इतका राग आला नसता, जितका ती सँडल बरोबर बसल्याचा आला.

खाली गावात झाडाच्या सावलीत चार म्हातारे बसले होते. त्यातल्या एकाने मला विचारलं, "हे बाई कोण्या गावची जी?"

मी देशाचं नाव सांगितलं.

"एवढ्या दूरून कायले आली?"

"तलावातला गाळ काढायचा आहे ना काका. त्याने काही बिघडतं का ते पाहायला."

तो शेजाऱ्याकडे वळला. "घ्या! बिघडलं तवा कोणी नाई आलं. आता सुधरवाचं हाय, तं बिघडते का म्हून पाहाले आली."

सगळे हसले. मॅडमनी भाषांतर मागितलं. मी अडखळत केलं. त्याही हसल्या आणि म्हणाल्या, हे वाक्य अहवालाच्या सुरुवातीला घालायला हवं. त्या दिवसात मला मिळालेलं ते एवढंच, आणि तेही त्या म्हाताऱ्याचं होतं.

तलावाचं गाव

आंबागडहून पुढे एका गावात आम्ही दोन दिवस काम केलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यावरून त्या गावाला अजून चिडवतात.

तिथला तलाव आमच्या गावच्या तलावाहून मोठा. मातीचा लांब पार, म्हणजे बांध, त्यावर मोहाची झाडं. पाणी शेतात सोडायचं दगडी दार, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. जास्तीचं पाणी जायला एका टोकाला सलंग. ढिवरांची वस्ती पाराला लागून. मासे, शिंगाडे, सगळं ते त्या तलावातून काढतात. आमच्या गावात शेतकरी आणि ढिवर पाण्यावरून वर्षातून एकदा तरी भांडतात. इथे पाण्याची पातळी कुठवर उतरवायची ते दोघं मिळून ठरवतात, हे पाहून मला नवल वाटलं.

मासेमारांच्या संस्थेचे श्रावणजी मला टेप धरायला घेऊन पाराच्या दुसऱ्या टोकाला गेले. ऋत्विक वस्तीत बायकांशी बोलायला बसला. दूरवरून हसण्याचे आवाज येत होते. श्रावणजी म्हणाले, "तो तुमचा दोस्त लय गमती माणूस दिसते." मी टेप घट्ट ओढून धरला.

संध्याकाळी तुमसरच्या विश्रामगृहात बैठक झाली. ऋत्विकने दिवसभराचं सांगितलं. शिंगाडे, झिंगे, माशांची अंडी घालायची वेळ, सगळं नीट. मग तो गंभीर झाला. तलावाच्या वरच्या अंगाला उथळ पाण्यात धानाचा मोठा पट्टा आहे. तो कोणा देव नावाच्या माणसाने लावलेला आहे. बायका तिथे कापायला जातात, म्हणजे बहुतेक त्याच्याकडे मजुरीने.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. तलावाच्या आत शेती म्हणजे अतिक्रमण. गाळ काढला तर त्या माणसाचं पीक जाणार, बायकांची मजुरी जाणार. म्हणजे तिसरा वर्ग.

"तुला खात्री आहे?"

"मी दोनदा विचारलं," ऋत्विक म्हणाला. "कोण लावतं? 'देव लावते.' इकडे पुरुषालाही 'तो लावते' असंच म्हणतात." हे शेवटचं त्याने मॅडमना समजावून सांगितलं. माझ्यासमोर. माझीच बोली.

देव नावाची माणसं आमच्याकडे असतात. माझ्या वर्गातच एक देव आहे. त्यामुळे मला वेगळं काही सुचलं नाही. मला फक्त एवढंच सुचलं, की इतकी मोठी गोष्ट त्याला सापडली आणि मी दिवसभर टेप धरून उभा होतो.

मॅडम म्हणाल्या, "उद्या मिस्टर देवना भेटू. निलेश, तू त्यांना शोधून आण."

म्हणून सकाळी मी गावात देव शोधत फिरलो. पहिल्या दुकानात विचारलं, "दादा, इथे देव कुठे राहतात?"

दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलं. "कोणता देव?"

"तलावात धान लावतात ते."

"तलावात धान?" त्याने आतल्या माणसाला हाक मारली. "अगा, तलावात कोणं धान लावलं बे?"

बातमी माझ्या पुढे धावली. मी ग्रामपंचायतीपाशी पोचेपर्यंत तिथे घोळका जमला होता. तलावात कोणीतरी शेत केलंय आणि परदेशी बाई त्याला पकडायला आली आहे, इथवर गोष्ट गेली होती. कोणी म्हणालं, देवीदास असेल. तो तर नागपूरला राहतो. मग कोणीतरी टोलीवरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वाडीतल्या, देवाजींना सायकलवर बसवून घेऊन आलं. देवाजी सत्तरीचे, खांद्यावर दुपट्टा, पायांत काही नाही. मॅडमना पाहताच त्यांनी हात जोडले.

"मी काई नाई लावलं जी! माही धानाची एकच बांधी हाय, तेही घराच्या मागं. पाहून घ्या!"

"घाबरू नका मामाजी," ऋत्विक म्हणाला, "कोणी तुमचं काही घेणार नाही. उलट भरपाई मिळेल."

भरपाई हा शब्द ऐकून देवाजी थांबले. घोळक्यातून आवाज आला, "मंग म्हण ना बुढ्या, मीच लावलं म्हून!" दुसरा म्हणाला, "माहं बी नाव देव करून टाका जी!" हशा झाला. देवाजी मात्र हात जोडूनच उभे. त्यांच्या हनुवटीला कंप सुटला होता. मॅडमना तो दिसला. त्या म्हणाल्या, यांना आधी खाली बसवा, पाणी द्या.

आम्ही सगळे तलावावर गेलो. वरच्या अंगाला खरंच धान होतं, उंच, विरळ, लांब कुसळांचं. दोन बायका डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, उभ्या राहून लोंब्या वाकवून टोपलीत झटकत होत्या. थोडे दाणे टोपलीत पडत, थोडे पाण्यात.

ऋत्विकने हाक मारली, "सुमनबाई! हे कोणं लावलं म्हणालात?"

डोंग्यातली थोरली बाई ओरडली, "कालच तं सांगतलं बाप्पा! देव लावते! देवधान हाय ना हे!"

आणि मला एकदम आमच्या घरातला कोनाडा दिसला, त्यातला छोटा मातीचा डेरा दिसला, आणि ऋषिपंचमीला आई त्यातून मोजके तांदूळ काढते ते दिसलं. त्या दिवशी ती बैलाच्या कष्टाचं काही खात नाही. नांगर न लावता आपोआप उगवलेलं देवधानच खाते. आमच्याकडे ते विकत आणतात, आमच्या तलावातलं केव्हाच गेलं. ते उगवलेलं मी त्या दिवशी प्रथम पाहत होतो.

मी मॅडमकडे वळलो. वाक्य जुळवायला वेळ नव्हता. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी म्हणालो, "मॅडम, देव शेतकरी नाही. देव म्हणजे देव." आणि वर बोट केलं.

मॅडमनी वर पाहिलं. आभाळात काही नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं. हे जंगली धान आहे, कोणी पेरत नाही, दाणे पाण्यात पडतात आणि पुढच्या वर्षी आपले उगवतात. आईच्या पंचमीचंही सांगितलं. बोलताना अडखळलो, पण थांबलो नाही. मॅडम आधी नुसत्या ऐकत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि त्या पाराच्या दगडावर बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. त्यांच्यामागे सगळं गाव हसलं. देवाजी शेवटी हसले. घोळक्यातला तोच आवाज म्हणाला, "बाईले सांगा, भरपाई देवळात ठेवून द्या म्हणा!"

ऋत्विक कानापर्यंत लाल झाला होता. मी ते मन भरून पाहिलं. खोटं कशाला बोलू?

त्या तलावाला दुसरा वर्ग मिळाला. अट अशी घातली, की देवधानाचा पट्टा सोडून गाळ काढायचा, आणि बायकांची झटकणी संपल्याशिवाय मशीन तलावात उतरवायचं नाही. सुमनबाईंनी ओच्यातून मूठभर ओले शिंगाडे काढून मला दिले. फक्त मला. मी ते वाटेत एकटाच सोलून खाल्ले.

गोसीखुर्द

शेवटचा टप्पा दक्षिणेला, गोसीखुर्दला. आमच्या कामात तिथला एकही तलाव नव्हता. पण धरणामुळे उठून मोठ्या पाण्याकाठी नव्याने वसलेल्या गावांतली माणसं काय सांगतात ते ऐकायला हवं, असं मॅडमना वाटलं. धरणाचं पाणी मला समुद्रासारखं वाटलं. समुद्र मी पाहिलेला नाही. ऋत्विकने पाहिला आहे, तो म्हणाला, समुद्र असा शांत नसतो.

नव्या गावात रस्ते सरळ आहेत, घरं रांगेत. आमच्या गावात एकही गल्ली सरळ नाही, त्यामुळे मला तिथे सारखं शाळेच्या मैदानात उभं असल्यासारखं वाटत होतं. एका ओसरीवर एक बाई जाळं विणत बसली होती. तिने आम्हाला बसायला चटई दिली. ऋत्विकने त्याच्या बोलीत सुरुवात केली. ती हसली, पण आईसारखी नाही. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तू कोणाचा पोरगा?"

मी गाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं, आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून आमची बोली येत गेली. ती मग माझ्याशीच बोलली, भरभर, अर्धे शब्द गिळत. जुन्या गावात नदी कुठे वळायची, आता पाणी मोठं झालं तर जाळी कशी बदलावी लागली, नवऱ्याने नांगर सोडून डोंगा कसा धरला. ऋत्विक मधे मधे माझ्याकडे पाहत होता. त्याला कळत नव्हतं. मी मॅडमना हळूहळू सगळं सांगत होतो.

शेवटी तिने विचारलं, "तुम्ही हे इचारून राहिले ते काम व्हाच्या आधी का मंग?"

"आधी, मावशी."

"आधी ना?" तिने जाळ्याची गाठ दाताने ओढली. "मंग इचारा. सगळ्याइले इचारा."

मॅडम परतीच्या वाटेवर वहीत लिहीत राहिल्या. मग मागे वळून मला म्हणाल्या, "आज तू चांगलं काम केलंस." ऋत्विकही म्हणाला, "खरंच, निलेश. मला यातलं अर्धंसुद्धा जमलं नसतं." तो मनापासून म्हणत होता. हाच त्याचा सगळ्यात वाईट गुण. मी खिडकीशी बसून भंडाऱ्यातल्या नोकरीचा विचार करत होतो. आठवड्याला घरी जाता येईल. बाबांना सांगता येईल की शिकून पोरगा जिल्ह्यातच राहिला.

भंडारा

भंडाऱ्याला अधिकाऱ्यांसमोर शेवटची मांडणी होती. थंड केलेलं सभागृह, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. माझ्याकडे तलावांची यादी आणि वर्ग सांगायचं काम. मी सगळं बरोबर सांगितलं. कोणी काही विचारलं नाही. एकाने जांभई दिली.

मग ऋत्विक उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आमच्याकडून एक मोठी चूक झाली. म्हणजे माझ्याकडून." आणि त्याने देवाची गोष्ट सांगितली. दुकानदार, देवाजी, भरपाई, देऊळ, काही सोडलं नाही. देवाजींची हनुवटी तेवढी सोडली. माझं नावही घेतलं. "या निलेशने मला वाचवलं," असं म्हणून माझ्याकडे हात केला. पण तोपर्यंत सगळे त्याच्याकडेच बघत हसत होते. मघाशी जांभई देणारे साहेब टेबलावर हात आपटत होते. ते म्हणाले, "चूक करून अशी कबूल करणारा माणूसच या कामाला पाहिजे." मॅडमनी मान डोलावली.

मी बरोबर होतो आणि तो चुकला होता. तरी त्याची चूक माझ्या बरोबर उत्तरापेक्षा देखणी निघाली. ही गोष्ट माझी होती. पंचमीचे तांदूळ माझ्या घरातले होते. पण मी ती सांगितली असती तर माहिती म्हणून ऐकली असती. त्याने सांगितली तेव्हा ती गोष्ट झाली.

बाहेर त्याने चहा आणला. "सँडल परत करायची घाई करू नकोस," तो म्हणाला.

"आणली आहे," मी म्हणालो, आणि पिशवीतून काढून दिली. पुसलेली होती.

त्यानंतर

नागपूरला परतल्यावर मी जवळजवळ वर्षभर वाट पाहिली. परीक्षेची तयारी करत वाट पाहिली, परीक्षा देत वाट पाहिली. घरून आई विचारायची, "तुह्यं काय झालं?" आणि त्याच श्वासात, "अन् तो पुण्याचा पोरगा कसा हाय?" ऋत्विकचे मेसेज सुरुवातीला आले. मी एकदोन शब्दांत उत्तर द्यायचो. मग ते थांबले. त्याला जागा मिळाली असणार आणि ते मला सांगायला त्याला जड जात असणार, असं मी धरून चाललो. कधी कधी मी कल्पनेत त्याला त्या तलावावर पाहायचो. सुमनबाई त्याला शिंगाडे देत आहेत, आणि तो "मले नको जी, लय झाले" म्हणतो आहे.

हे लिहायला घेतलं तेव्हा इथवरच लिहायचं ठरवलं होतं. पण परवा दुपारी ग्रंथालयात फोन थरथरला. बाहेर जिन्यात येऊन घेतला. भंडाऱ्याच्या कार्यालयातले साहेब होते, जांभई देणारे.

"निलेश ना? तुमची निवड झाली आहे. पुढच्या आठवड्यात हजर व्हा. पहिलं काम त्या देवधानाच्या तलावाचं आहे. बायकांची यंदाची झटकणी संपली का बघून या, मग मशीन सोडू."

मी जिन्यावर बसलो. आनंद झाला होता, छातीत मावत नव्हता. मी "हो सर" म्हणालो. मग जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं. "सर, यादीत पहिलं नाव माझं होतं का?"

"पहिलं ऋत्विकचं होतं. त्यांना मॅडमच्या देशात शिकायला शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून ते नाही म्हणाले. पण त्यांनी बजावून सांगितलं, की निलेशलाच घ्या. तुम्हाला बोलले असतील ना?"

"नाही सर," मी म्हणालो. "कधी जाणार आहे तो?"

"जाणार कुठले? गेले ना ते. महिना झाला."